तुरा गळला म्हणजे वर्म मेला असं नाही

मागच्या अंकात रीफ टँकमधल्या (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी) फेदर डस्टरवर, म्हणजे नळीत राहणाऱ्या आणि डोक्यावर पिसांचा तुरा असणाऱ्या समुद्री वर्मवर, जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यानंतर जी पत्रं आली त्यातली बरीचशी एकाच धाटणीची होती, ताई तुरा गळला आता काय करू. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, तीन आठवड्यांपूर्वी मोठा फेदर डस्टर आणला, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा. सुरुवातीला मस्त फुलायचा. काल सकाळी बघतो तर अख्खा तुरा वाळूवर पडलेला आणि नळीचं तोंड मिटलेलं. घरचे म्हणतात काढून टाक, पाणी नासेल. काढू का?

उत्तर : नका काढू. निदान आज तरी नकाच. पाल कशी शेपूट टाकून पळते, तसंच हे आहे. आपण ज्याला फूल समजतो तो तुरा म्हणजे त्याचे कल्ले आणि त्याचं अन्न गोळा करायचं जाळं, दोन्ही एकच. बाकीचं अंग, गांडुळाच्या नात्यातलं, वळ्यावळ्यांचं, ते सगळं नळीत असतं आणि तुरा गेला तरी ते जिवंत राहू शकतं, नवीन तुरा फुटू शकतो.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझा पहिला फेदर डस्टर मी स्वतः असाच घालवला. तुरा पडल्यावर सहाव्या दिवशी मेला असं धरून नळी बाहेर काढली आणि आत काय आहे ते बघावं म्हणून कात्रीने उभी चिरली, तर आत वर्म होता, हलत होता, आणि डोक्याच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे पांढरट कोंब फुटायला लागले होते. चिरलेल्या नळीतून निघाल्यावर तो काही जगला नाही. तेव्हापासून मी कुणालाही सांगते की महिनाभर हात लावू नका.

जिवंत आहे का ते कळायला नळी पाण्याखालीच दोन बोटांत अगदी अलगद चेपून बघा, भरीव लागली तर तो आत आहे. मेला असेल तर नळी पोकळ, लुळी लागते, तोंडातून पांढरट-करडा चिकट गाळ येतो, घाण वास सुटतो आणि मेलेलं खाणारे ब्रिसल वर्म, नॅसेरियस गोगलगायी तिथे जमतात. मग मात्र त्याच दिवशी काढा. गळलेला तुरा तेवढा लगेच उचलून टाका, तो कुजतो.

आता तुरा का टाकला, हे शोधायला हवं. नवीन आणलेल्याच्या बाबतीत बहुतेकदा प्रवासाचा ताण, किंवा सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) एकदम बदलली, किंवा पाणी तापलं, ऑक्सिजन कमी पडला, नाहीतर कुठला तरी मासा किंवा क्रॅब सारखा टोचतोय. रात्री दिवे गेल्यावर तासाभराने लाल टॉर्च घेऊन बघत बसा, टोचणारा सापडतो. पॅरामीटर म्हणाल तर तापमान २४ ते २७ डिग्री, सॅलिनिटी ३५ पीपीटी (हजार भागांत ३५) म्हणजे रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) १.०२५ च्या आसपास, अमोनिया शून्य. आकडा अगदी काटेकोर नसला तरी चालतं, पण तो रोज वरखाली होणं चालत नाही.

तुरा नाही तोवर तो गाळून खाऊ शकत नाही, त्यामुळे या दिवसांत फूड ओतू नका, नुसतं पाणी खराब होईल. साधारण दोन ते चार आठवड्यांत नळीच्या तोंडाशी आखूड, फिकट रंगाचा छोटा तुरा दिसायला लागतो, तो दिसला की खायला द्यायला लागा.

प्रश्न : माझा टँक दोन वर्षांचा आहे, पाणी एकदम क्रिस्टल, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) टँकच्या मानाने मोठाच लावलाय. तरी फेदर डस्टरने दोनदा तुरा टाकला आणि दुसऱ्यांदा आला तो पहिल्यापेक्षा लहान आला. एवढ्या चांगल्या पाण्यात असं का व्हावं?

उत्तर : पाणी इतकं स्वच्छ आहे म्हणूनच, त्यात गाळून खायला काही उरत नाही. तुमचा वर्म उपाशी आहे. कडवट वाटेल पण रीफ टँकमध्ये मोठे फेदर डस्टर मरतात ते बहुतेक उपासमारीनेच, आणि ती इतकी हळूहळू होते की सहा-आठ महिने कुणाच्या लक्षात येत नाही, कारण रोज सकाळी तुरा उघडतोय, सुंदर दिसतोय, म्हणजे ठीकच असणार असं आपण धरून चालतो. तुरा उघडणं म्हणजे तो अन्न शोधतोय एवढंच. मिळतंय की नाही हे त्यावरून कळत नाही. प्रत्येक वेळी नवा तुरा आधीच्यापेक्षा लहान येत असेल तर समजायचं की अंगात साठवलेलं संपत आलंय.

आणि एक गैरसमज, फेदर डस्टरला लाइटचा काही उपयोग नाही. कोरलच्या अंगात जशी शेवाळं राहतात आणि उजेडावर साखर करून देतात, तशी सोय याच्याकडे नाही. जे खाणार ते पाण्यातूनच गाळून.

तुऱ्याच्या प्रत्येक पिसाला दोन्ही बाजूंनी बारीक उपपिसं असतात आणि त्यांवर हलणारे सूक्ष्म केस, ते पाणी ओढतात. कण पिसाच्या मधल्या पन्हळीतून खाली तोंडाकडे सरकतात आणि वाटेतच त्यांची चाळणी होते, अगदी बारीक ते तोंडात, मधल्या आकाराचे नळी बांधायला बाजूला, मोठे ते परत पाण्यात. यावरून लक्षात येईल की माशांसाठी टाकलेलं फ्रोझन फूड याच्या उपयोगाचं नाही, ब्राइन श्रिंपची नुकतीच फुटलेली पिल्लंसुद्धा अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असतात, ती त्याला मोठीच होतात. त्याला लागतं फायटोप्लँक्टन, थोडक्यात फायटो, पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शेवाळं, म्हणजे काही मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग) मामला. नॅनोक्लोरोप्सिस सगळ्यात सहज मिळतं पण नुसत्या त्याच्यावर राहू नका, ते फारच बारीक आणि जाड कवचाचं, सोबत आयसोक्रायसिस आणि टेट्रासेल्मिस असलेलं मिश्रण घ्या. जिवंत फायटो मिळालं तर सगळ्यात उत्तम, कारण न खाल्लेलं लगेच कुजत नाही.

द्यायची पद्धत मी सांगते ती अशी. स्किमर बंद, रिटर्न पंप (खालच्या फिल्टरच्या टाकीतून पाणी वर आणणारा) बंद, वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारा पंप) अगदी मंद. ड्रॉपर किंवा बेस्टरने (रबरी फुगा लावलेली मोठी नळी) फूड तुऱ्यावर थेट मारायचं नाही, तसं केलं की तो झटकन आत जातो आणि मग दहा मिनिटं बाहेर येत नाही, फूड गेलं वाया. प्रवाह ज्या बाजूने येतो त्या बाजूला वीतभर अंतरावर सोडायचं, म्हणजे हलका हिरवा ढग तरंगत तुऱ्यातून जातो. थोडं थोडं, आठवड्यातून तीन-चार वेळा, रोज जमलं तर त्याहून थोडं आणि रोज. तासाभराने स्किमर आठवणीने चालू करा, मी फोनवर अलार्म लावते.

खातोय का ते भिंग घेऊन बघा, खरंच बघा, यासारखं सुख नाही. फूड दिल्यावर थोड्या वेळाने पिसांच्या कडेने तपकिरी चिकट दोरे सुटून वाहून जाताना दिसतात, ते नाकारलेले कण. आणि तुऱ्याच्या मधून अधूनमधून छोट्या काळपट गोळ्या वर येऊन उडून जातात, ती विष्ठा, त्याचं मागचं टोक बंद नळीत असतं म्हणून अंगावरच्या एका पन्हळीतून ती वरपर्यंत आणून टाकावी लागते. गोळ्या दिसल्या म्हणजे पोटात गेलंय. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी. नीट खाणारा वर्म श्लेष्मा आणि रेतीच्या कणांची बारीक दोरी करतो आणि स्वतःभोवती हळूहळू फिरत ती नळीच्या काठावर बसवत जातो, कुंभार मातीची वळकटी चढवत भांडं उंच करतो ना, अगदी तसं. जुन्या नळीच्या वर ताजा, मऊ, वेगळ्या रंगाचा पट्टा दिसला की मी निश्चिंत होते.

नायट्रेट शून्यावरून थोडं वर आलं तर घाबरू नका, ५ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके) असलं तरी बहुतेक कोरलना काही होत नाही. फक्त दर आठवड्याला टेस्ट करत राहा आणि फूड एकदम वाढवू नका.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा प्रश्न, फेदर डस्टरला डोळे नाहीत तर मी नुसता हात काचेवरून नेला तरी तो आत कसा पळतो? आणि हल्ली पळत नाही, तर तो आजारी आहे का?

उत्तर : तिला सांगा की डोळे आहेत, फक्त तोंडावर नाहीत, पिसांवर आहेत. बऱ्याच जातींच्या पिसांवर उजेड ओळखणारे बारीक ठिपके असतात, आणि ॲक्रोमेगॅलोमा नावाच्या एका गटात तर पिसांच्या टोकाजवळ चक्क माशीसारखे संयुक्त डोळे असतात. चित्र दिसत नसावं, पण सावली पडली की कळतं, सावली म्हणजे मासा. मग अंगाच्या लांबीभर गेलेल्या खूप जाड मज्जातंतूतून निरोप जातो आणि सगळे स्नायू एकदम आवळतात. तंतू जितका जाड तितका निरोप जलद, मिक्सिकोला नावाच्या याच कुळातल्या वर्ममध्ये तो १ मिलिमीटरपर्यंत जाड असतो, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्यावर मुद्दाम अभ्यास केलाय.

आणि पळत नाही म्हणजे आजारी असं नाही. सारखी सावली पडत राहिली आणि काही झालं नाही की तो सवयीने दुर्लक्ष करायला लागतो. तुमची मुलगी रोज त्याच्यासमोर बसत असणार. तुरा ताठ, पिसं भरगच्च आणि काचेला हलकी टिचकी लागली की आत जातोय, एवढं असेल तर तब्येत चांगली आहे. तिला आणखी एक सांगा, त्याचं रक्त लाल नाही, हिरवट असतं.

प्रश्न : काचेवर, पंपवर, सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) सगळीकडे पांढरे छोटे गोल चक्रीसारखे ठिपके आलेत, कडक आहेत. कीड आहे का?

उत्तर : कीड नाही, फेदर डस्टरचेच लहान नातेवाईक, स्पायरोर्बिड. दोन-तीन मिलिमीटरची चुन्याची गुंडाळलेली नळी आणि आत एवढासा तुरा. कोरलला काही करत नाहीत, उलट पाण्यात गाळायला काहीतरी आहे याची ती खूण. काचेवरचे नको असतील तर ब्लेडने खरवडा. पंपच्या इंपेलरवर जमले तर मात्र पंप अडकतो, तो काढून व्हिनेगर आणि पाण्यात काही तास ठेवा, चुना विरघळतो, मग धुऊन लावा.

प्रश्न : लाइव्ह रॉकवर (बारीक जीव वसलेले समुद्री दगड) कडक नळ्या उगवल्यात, मी हौसेने फेदर डस्टर म्हणून ठेवल्या. पण तुरा कधीच दिसत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात आणि जवळचं कोरल उघडत नाहीये.

उत्तर : हे वर्म नाहीतच, या व्हर्मेटिड गोगलगायी आहेत, आणि या बाबतीत मी अजिबात दयामाया दाखवत नाही. ओळख सोपी आहे, वर्मच्या नळीतून तुरा येतो, हिच्या नळीतून चिकट श्लेष्माचं जाळं येतं, ते पाण्यात पसरून कण पकडते आणि मग जाळ्यासकट गिळते. ते धागे कोरलवर लोळले की त्याचे पॉलिप (कोरलचे फुलासारखे बारीक जीव) मिटून बसतात. संख्या थोडी असेल तोवरच हालचाल करा, पक्कडीने नळी मुळापर्यंत मोडायची आणि भोकावर कोरल लावायच्या जेल ग्लूचा थेंब दाबायचा. नुसतं टोक मोडून उपयोग नाही, ती आत शाबूत असते आणि नळी पुन्हा वाढवते. फूड जास्त असलेल्या टँकमध्ये या फोफावतात, म्हणजे वरच्या उत्तराप्रमाणे फायटो सुरू करणाऱ्यांनी आधी रॉक नीट तपासून घ्या.

एक विनंती, मोडायच्या आधी दिवस-दोन दिवस त्या नळीवर लक्ष ठेवा. फेदर डस्टरच्या नात्यातल्या सर्पुलिड वर्मच्या नळ्याही चुन्याच्या, कडक असतात, चुकून त्या मोडल्या तर वाईट वाटतं.

प्रश्न : आयप्टेशिया (भराभर पसरणारी उपद्रवी समुद्रफुलं) खूप झालेत म्हणून कॉपरबँड बटरफ्लाय मासा घ्यायचा विचार आहे. टँकमध्ये चार फेदर डस्टर आहेत, चालेल?

उत्तर : नाही चालणार. कॉपरबँडची ती लांब चोच असल्याच नळ्यांमधून खायला झालीय, आयप्टेशिया खाईल की नाही याची खात्री नाही, फेदर डस्टर मात्र खाईल. बाकी बटरफ्लाय, ट्रिगर, पफर, ॲरो क्रॅब हेही नकोतच, मोठ्या एंजल माशांवर आणि काही रास माशांवर माझा भरवसा नाही. ब्रिसल वर्मला मात्र लोक उगाच दोष देतात, मेलेल्या वर्मवर ते दिसतात म्हणून त्यांनीच मारला असं वाटतं, ते नंतर आलेले असतात.

प्रश्न : वर्म पूर्ण नळीबाहेर आलाय, वाळूवर पडलाय, तुरा आहे अजून. परत नळीत घालता येईल का?

उत्तर : ढकलून घालू नका, अंग अतिशय नाजूक असतं, फाटतं. स्वतःहून नळी सोडणं ही तुरा टाकण्यापेक्षा गंभीर गोष्ट आहे, म्हणजे पाण्यात काहीतरी बिघडलंय किंवा नळीतच कुणी त्रास देतंय. आधी अमोनिया आणि सॅलिनिटी बघा, पाणी थोडं बदला. मग वर्मला पाण्याखालीच छोट्या भांड्यात घेऊन मासे-क्रॅब पोचणार नाहीत अशा जाळीच्या डब्यात ठेवा, तळाला बारीक वाळू, आणि आधाराला त्याच्या जाडीची, दोन्ही तोंडं मोकळी असलेली स्वच्छ प्लॅस्टिकची नळी आडवी ठेवून द्या. तब्येत टिकून असेल तर तो नळीत शिरतो किंवा वाळू घेऊन नवी बांधायला काढतो. सगळेच वाचत नाहीत, हे खोटं सांगणार नाही, पण मी दोन वाचलेले पाहिलेत.

जागा लावताना एक लक्षात ठेवा, मऊ नळीचं खालचं टोक वाळूत किंवा दगडांच्या फटीत सैलसर बसवायचं, ग्लूने चिकटवायचं नाही, आणि युफिलिया कोरल, ॲनिमोन (समुद्रफूल) यांच्या डंख मारणाऱ्या हातांना लागेल इतकं जवळ ठेवायचं नाही.

प्रश्न : माशांना पांढरे ठिपके आले म्हणून कॉपरचं (तांब्याचं) औषध मुख्य टँकमध्ये टाकलं, पाकिटावर माशांना सुरक्षित लिहिलं होतं. फेदर डस्टर सगळे आत गेलेत.

उत्तर : माशांना सुरक्षित असेल, वर्म, श्रिंप, गोगलगायी, कोरल यांना कॉपर म्हणजे विष. लगेच फेदर डस्टर दुसऱ्या स्वच्छ मिठाच्या पाण्यात हलवा, तापमान आणि सॅलिनिटी जुळवून. मुख्य टँकमध्ये ताजा कार्बन आणि कॉपर ओढणारा मीडिया लावा, पाणी बदलत राहा, आणि टेस्ट किटवर कॉपर शून्य येऊन बरेच दिवस शून्यच राहिलं तरच वर्म परत आणा, कारण रॉक आणि वाळू कॉपर धरून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. पुढच्या वेळी औषध नेहमी वेगळ्या क्वारंटाईन टँकमध्ये.

प्रश्न : ख्रिसमस ट्री वर्मचा दगड घ्यायचाय. फेदर डस्टर सांभाळतोय म्हणजे हाही जमेल ना?

उत्तर : जमेल, पण तो दगड नाही हे आधी समजून घ्या. ते पोराइटिस जातीचं जिवंत कोरल आहे. वर्मची अळी कोरलवर बसते, नळी बांधते आणि कोरल त्या नळीभोवती वाढत जातं. म्हणजे तुम्ही दोन जीव घेताय, वर्मला फायटो हवं आणि कोरलला चांगला लाइट, मध्यम ते जोरदार प्रवाह, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषायची क्षमता, ती डीकेएचमध्ये मोजतात) ८ ते ११ डीकेएच. लोक वर्मकडे बघत राहतात आणि पोराइटिस काठाकडून पांढरं पडत जातं ते दिसत नाही, मग मेलेल्या भागावर शेवाळ आणि स्पंज चढतात, नळ्यांची तोंडं बुजायला लागतात. घेताना वर्म किती रंगीत आहेत यापेक्षा मधलं कोरल किती जिवंत आहे ते बघा. आणि झाडासारखे दिसणारे दोन चक्री तुरे म्हणजे एकच वर्म बरं का, मोजताना गल्लत होते. दोन्हींच्या मध्ये नळीचं झाकण असतं, तो आत गेला की ते बंद होतं.

१९८६ साली ग्रेट बॅरिअर रीफवरच्या संशोधकांनी मांडलं होतं की कोरल खाणाऱ्या काटेरी तारामाशापासून हे वर्म आपल्या आसपासचे पॉलिप वाचवत असावेत. म्हणून मला ही कोरल-वर्मची जोडी तोडून विकलेली बघवत नाही.

प्रश्न : टँक बंद करतोय. फेदर डस्टर समुद्रात सोडले तर तेवढंच पुण्य लागेल असं वाटतं.

उत्तर : कृपा करून नको. भूमध्य समुद्राकडचा सॅबेला स्पालान्झानी हा मोठा फेदर डस्टर ऑस्ट्रेलियाच्या पोर्ट फिलिप बेमध्ये आणि २००८ मध्ये न्यूझीलंडमध्ये सापडला, तिथे तो दाटीने वाढतो आणि स्थानिक गाळून खाणाऱ्यांचं अन्न आणि जागा दोन्ही घेतो. तो जहाजांमुळे पोचला असं मानतात, पण तुमच्या बादलीतूनही तेच होऊ शकतं. टँकचं पाणीसुद्धा समुद्रात ओतू नका, त्यात अळ्या असू शकतात. दुसऱ्या कुणा टँकवाल्याला द्या, घेणारा मिळतोच.

प्रश्न : ताई, मागे तुम्हाला तुरा गळल्याचं कळवलं होतं, तुम्ही थांबा म्हणालात. एकविसाव्या दिवशी नवा तुरा आला, बोटाच्या पेराएवढा, सगळा पांढरा. आता त्याला पुढे, छान दिसेल अशा जागी हलवू का?

उत्तर : वाचून फार बरं वाटलं. पण नका हलवू. जिथे तुरा फुटला ती जागा त्याला मानवलीय. रंग नंतर भरेल. आत्ता फायटो अगदी पातळ करून एक दिवसाआड, आणि तुरा पूर्ण आकाराचा होऊन नळीच्या काठावर नवा पट्टा दिसेपर्यंत तिथेच राहू द्या.